पाच काचांतलं वावर

यंदा थोरल्यानं बऱ्याच वर्षांनी जवारी पेरली. फार नाही, हळदीच्या कडेला चारदोन तासं, म्हणजे ओळी. "मायला हुरडा आवडतो," असं त्यानं घरादाराला सांगून ठेवलंय. मला हुरडा आवडत नाही, हे मी त्याला उभ्या जन्मात सांगितलं नाही. आता दात नाहीत म्हणते, तेवढ्यावर भागतं.

पण कणसं भरायला लागली तशी मी रोज सकाळी बांधावर जाऊन बसायला लागले. पौषातलं ऊन पाठीवर घेत म्हातारी बसली तर कुणाची ना नसते. या दिवसांत जवारीला एक वास असतो. अंगावर पिणाऱ्या लेकराच्या टाळूला येतो, तसला. रात्रीच्या दहिवरानं पानं भिजलेली असतात, आणि ऊन चढलं की सगळ्या वावरातून तो वास वर उठतो. परवा अशीच बसले होते, तर भोरड्यांचा थवा आला. आभाळात कुणी वाकळ झटकावी तसा एकदा वळला, दुसऱ्यांदा वळला, आणि बसला कणसांवर. थोरल्यानं चकचकीत पट्ट्या बांधल्यात, त्या वाऱ्यानं नुसत्या भुणभुणतात. भोरड्यांना त्याचं काय! माझा हात आपोआप कमरेला गेला. तिथं गोफण खोचलेली असायची. ती कमरेला नसल्याला आता ऐंशी वर्षं होत आली, पण हाताला कुठं वर्षं मोजता येतात.

आणि मग जे आठवू नये म्हणून मी हुरडा खात नाही, ते सगळं आठवलंच.

आमचं गाव हिंगोलीहून येताना साखऱ्याच्या अलीकडं. सगळी जमीन कोरडवाहू, दगडगोट्याची. आमचं वावर गावाच्या वरच्या अंगाला, टेकाडाच्या पोटाशी होतं. माझ्या आज्यानं ती पड फोडली होती. वेचलेल्या दगडांचे बांध घातले, ते अजून उभे आहेत. तेव्हाच्या देशमुखांनी नुसतं तोंडानं सांगितलं होतं, "कर आणि खा." आज्यानं केलं आणि खाल्लं. मग माझ्या बानं केलं. कागद नव्हता. निजामाचं राज्य, कचेरीचे कागद उर्दूत, आणि आमच्या घरात अक्षर ओळखणारं एक माणूस नाही. वावर कुणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, याहून पक्कं काय असतं, असं बा समजायचा.

टेकाडाच्या टोकाला बा दरसाल माळा उभा करायचा. माळा म्हणजे घरातला नव्हे, वावरातला. चार दुबेळक्याच्या, टोकाला फाटा असलेल्या मेढी रोवायच्या, त्यांवर आडवी लाकडं, वर तुराट्या, तुराट्यांवर कडबा. पाखरं राखायला त्यावर चढून उभं राहायचं. जवारी असेल त्या प्रत्येकाच्या वावरात माळा असायचा, पण आमचा दोन पुरुष उंच. बाला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमानही तो कधी तोंडानं काढायचा नाही. "बरा झालाय औंदा," एवढंच.

पौष आणि अर्धा माघ मी त्या माळ्यावरच काढायची. सकाळी दात वाजत असताना चढायचं, भाकर वरच खायची, तिन्हीसांजेला उतरायचं. वरून सगळं गाव पायाशी. देशमुखाचा पांढरा वाडा, मारुतीचं देऊळ, ओढा, विहिरी, पलीकडच्या माळावरचा तांडा. कुणाचा बैल लंगडतो, कोण सून सासूशी भांडून बांधावर रडत बसलीय, कुणाच्या विहिरीवर कोण दोनदा जातं, मला सगळं ठाऊक. माय म्हणायची, "गोदे, तुला गावातलं इचारलं तर पाटलापरीस तूच सांगशील."

आणि वर चढायच्या आधी रोज मायची एक शाळा भरायची. पिकाला चांगलं म्हणायचं नाही. कणसं बोटांनी दाखवायची नाहीत. कुणी वाटसरू "जवारी झकास आली बाई" म्हणाला तर लगेच म्हणायचं, "कशाची झकास, नुसता कडबा हाय." आता हे आमच्या एकट्याच्याच घरात नव्हतं. पौषात सगळं गाव असं खोटं बोलायचं. शेजारचे तुळशीराम काका डोक्याएवढ्या जवारीत उभे राहून, फक्त पागोटं दिसत असताना ओरडायचे, "काडी न्हाई आली औंदा, काडी!" नवखा माणूस आला असता तर त्याला वाटलं असतं, या गावात दुष्काळ पडलाय.

"आन् कुणी अनोळखी माणसानं इचारलं, वावर कुणाचं, तर?" माय मला घोकून घ्यायची.

"आमचं न्हाई म्हणायचं."

"मंग कुणाचं?"

"देशमुखाचं."

"काहून?"

"मोठ्याला दिष्ट पचती. गरिबाला पचत न्हाई."

"शानी माझी बाई ती," म्हणून माय माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडायची.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या दोन वर्षं आधीचा तो पौष. देशमुखाच्या मनात आलं की आपलं सगळं गाव, शिवारासकट, एका चौकटीत बसवून बैठकीत टांगावं. कुठं तरी हैदराबादेत कुण्या नवाबाकडं त्यानं तसं पाहिलं होतं म्हणे. त्यानं तिथून एक फोटोवाला बोलावला. तो आगगाडीनं हिंगोलीला उतरला, आणि तिथून छकड्यातून गावात आला. पेट्या गवतात बसवलेल्या, जशा काही त्या बाळंतिणी होत्या. चाक दगडावर चढलं की तो "या अल्ला" म्हणून पेटीवर आडवा व्हायचा. गाव हसून बेजार.

त्याला उंच जागा पाहिजे होती. वाड्याची गच्ची बघितली, तर समोर लिंबाचं झाड. देवळावर चढू द्यायला गुरव तयार होईना. मग त्याची नजर टेकाडावर गेली. देशमुख स्वतः आमच्या बांधावर आला. देशमुख आपल्या बांधावर आला, हेच आम्हाला सणासारखं.

"काय रे, तुझा माळा किती माणसं झेलतो?"

"दोन झेलतो मालक. तुमचा हुकूम झाला तर चार झेलन."

"फोटो काढायचाय वरून. हलला न्हाई पाहिजे."

"न्हाई हलणार मालक. मीच हलू देत न्हाई त्याला."

बानं दोन दिवस दुसरं काम केलं नाही. मेढीला मेढ जोडली, वाखाचे नवे दोर वळले, माळा आणखी हातभर उंच केला. खाली मधोमध दगडांची पाटी लटकवली, वजनानं डुलू नये म्हणून. हौसेनं केलं हो सगळं. त्या उंच केलेल्या हातभराची मला अजून चीड येते.

फोटोच्या दिवशी सकाळी दवंडी फिरली. ज्यानं त्यानं धुतलेले कपडे घालून बाहेर यावं, सांगतील तिथं उभं राहावं, आणि हलू नये. कारभाऱ्यानं लोकांना ठिकठिकाणी उभं केलं, आणि त्यात कुणाचं वावर कुणाचं हे काही पाहिलं नाही. तुळशीराम काका ओढ्याकाठी, सुतार-लोहार देवळापाशी. आमच्या वावराच्या कडेला चांगली मोकळी जागा होती म्हणून तिथं देशमुखाच्या तीन बैलजोड्या झुली घालून उभ्या केल्या. शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगूरमाळा. बा म्हणाला, "शोभा आली गड्या वावराला." मायला आणि बाला म्हाताऱ्याकोताऱ्यांबरोबर पाराजवळ पाठवलं होतं, पण बा गेला नाही. तो माळ्याच्या मेढीला हात लावून खाली उभा राहिला. आपण सोडलं तर माळा हलेल, अशी त्याची समजूत.

मी वर होते. फोटोवाल्याला असं कुणी तरी पाहिजे होतं, ज्याला वरून सगळं ओळखता येतं. फोटोच्या खाली ज्याचं त्याचं नाव लिहायचं होतं. कारभाऱ्यानं सांगितलं, ही पोरगी सांगेल.

माणूस वाईट नव्हता तो. दाढी पांढरी, बोटं औषधांनी काळी पडलेली. मला "बेटी" म्हणायचा. चढताना तो एकेका आडव्या लाकडाला मिठी मारायचा. वर आल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाला, "तेरेकू डर नै लगता?" मी म्हटलं, "काहून लागंल?" मग त्यानं तिकाटणं रोवलं, त्यावर ती पेटी बसवली, आणि काळ्या फडक्यात डोकं घातलं. मला पण एकदा आत बघू दिलं. सगळं गाव उलटं! देऊळ कळसावर उभं, बैलांचे पाय आभाळात. मी इतकी हसले की माळा हलला आणि बा खालून ओरडला.

तेव्हा फोटो काचेवर उतरायचा, आणि गाव एका काचेत मावत नव्हतं. एक काच टिपायची, पेटी थोडी फिरवायची, दुसरी काच घालायची. अशा पाच. नंतर पाची कडेला कडा लावून चिकटवणार. पाचवीला पेटी तांड्याकडं वळली तसा देशमुख खालून म्हणाला, "तिकडं नको. तिथं संपव." म्हणून तांडा आला नाही. तांड्यावरची माणसं माळावर ओळीनं उभी राहिली होती, बायकांनी आरशांच्या काचोळ्या घातल्या होत्या. त्यांना कुणी सांगायलाही गेलं नाही. दुपारपर्यंत उभी होती बिचारी.

पाच काचा होईपर्यंत कुणी हलायचं नाही, आणि माळ्यावर तर नाहीच नाही. "हिलू नक्को बेटी, सांस भी हल्लू लेव." आणि त्याच वेळी भोरड्या आल्या. सगळं गाव चिडीचूप, माणसं खांबासारखी उभी, ओरडायला कुणी नाही. पाखरांना याहून काय पाहिजे! उतरली आमच्या जवारीत. गोफण माझ्या हातात, खडा गोफणीत, आणि मी पुतळ्यासारखी बसलेली. कणसं हलताना दिसत होती. दाणा टिपल्याचा टिचटिच आवाज वरपर्यंत येत होता. मी खाली बाच्याकडं बघितलं. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. मालकाचा फोटो आहे, खाऊ दे.

काचा झाल्यावर त्यानं वही काढली. बोट दाखवायचा आणि विचारायचा. "वो कुआँ किसका?" मी सांगायची. "वो आम का झाड?" सांगायची. दुसऱ्याचं नाव घ्यायला मला काय, ज्याची त्यानं दृष्ट काढावी. अर्ध्या गावाची नावं सांगितली, आणि मग त्यानं बोट अगदी पायाखाली दाखवलं. बैलजोड्या उभ्या होत्या त्या वावराकडं. शिवारात सगळ्यात भरलेली कणसं तिथं होती. इतका वेळ त्या काचेच्या डोळ्यानं त्यांना बघितलं होतं, त्याची मला आधीच धास्ती.

"और ये? ये सबसे अच्छा किसका है?"

सबसे अच्छा म्हणाला हो तो. मोठ्यानं.

"आमचं न्हाई," मी म्हटलं.

"फिर किसका?"

"देशमुखाचं."

त्यानं लिहिलं. बा खाली उभा होता. त्यानं ऐकलं. वर बघून माझ्याकडं हसला, लेक हुशार निघाली म्हणून. कारभारीही तिथंच होता. तो हसला की नाही, मला आठवत नाही. खूपदा आठवून बघितलं.

घरी गेल्यावर बानं मायला सांगितलं, आणि मायनं मला गुळाचा खडा दिला. मी तो चघळत बाजेवर बसले होते.

त्या साली जवारी उदंड झाली. आम्ही कुणाला सांगितलं नाही.

उन्हाळा गेला, पेरणी तोंडावर आली, बानं नांगरलेल्या वावरात काडीकचरा वेचायला घेतला, आणि कारभारी बांधावर आला. म्हणाला, "औंदापासून मालक घरी करणार हायती हे वावर." बाला वाटलं चेष्टा आहे. तो हसला. म्हणाला, "मंग आमी काय करावं कारभारी?" कारभारी म्हणाला, "सालगडी म्हून राहा की. वावर वळखीचंच हाय."

बा वाड्यावर गेला. देशमुख भेटला नाही. बैठकीत तो फोटो टांगलेला होता म्हणे, हातभर उंच आणि भिंतभर लांब. बाला ओसरीवरून नीट दिसला नाही. कुणी तरी सांगितलं, हिंगोलीला तहशिलीत अर्ज कर, साक्षीला चार माणसं ने. बा पहिल्यांदा तुळशीराम काकांकडं गेला. मी बरोबर होते. काका चिलीम भरत होते, ती भरतच राहिले.

"काका, तुमी फक्त खरं बोला. वावर कोन करतंय?"

"तू करून राहिला, गड्या. तुझ्या बापानं फोडलं, मी लहान होतो तवा बगितलंय."

"मंग तेवढंच तिथं सांगा."

काकांनी माझ्याकडं बघितलं, बाच्याकडं बघितलं नाही. "गोदे," म्हणाले, "मालकाच्या इहिरीवरनं आमचं पानी येतं बाई. मी कसं बोलू?"

आणखी तिघांनी तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगितली. त्यांच्यावर मी कितीतरी वर्षं राग धरला. आता धरत नाही. संपला म्हणून नव्हे, धरायला तीच माणसं राहिली नाहीत म्हणून.

कचेरीत बा मला घेऊन गेला. लेकराचं ऐकतील, असं त्याला वाटलं. मध्यरात्रीच चालायला लागलो, ऊन तापायच्या आत हिंगोलीत. बाजारात हळदीची पोती रचलेली, सगळ्या रस्त्याला हळदीचा वास, आणि मला लग्नात आल्यासारखं वाटत होतं. कचेरीत साहेब खुर्चीवर, खाली त्याचा कारकून, पेशकार. साहेबाला मराठी येत नव्हतं. पेशकार इकडचं तिकडं करायचा. देशमुख आला नव्हता. कारभारी आला होता, आणि त्याच्या काखेत चौकटीतून काढलेली गुंडाळी.

फोटो मेजावर उलगडला. चारी कोपऱ्यांवर दौती ठेवल्या. तिथं मी तो पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगते, लाज वाटते सांगायला, मी हरखले. सगळं गाव त्यात होतं. देऊळ सरळ उभं होतं. माय पारावर, एवढीशी, पण तिच्या डोईवरच्या पदराचं टोक ओळखू येत होतं. आणि आमचं वावर, टेकाडाच्या पोटाशी, कणसाला कणीस लागलेलं, कडेला देशमुखाच्या तीन बैलजोड्या. खाली बारीक उर्दू अक्षरं.

पेशकारानं वाचून दाखवलं. या वावराच्या खाली देशमुखाचं नाव होतं.

"हे नाव कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

कारभारी म्हणाला, "त्याच्याच लेकीनं. इचारा. इथंच हाय."

मी म्हटलं, हो, मी सांगितलं. मग मी घाईघाईनं म्हटलं, पण ते दृष्टीसाठी. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून मोठ्याचं नाव सांगतात, सगळेच सांगतात, माय म्हणते. पेशकारानं साहेबाला त्याच्या भाषेत सांगितलं, त्यात "नजर" एवढा शब्द मला कळला. साहेब हसला. रागानं नाही, मायेनं हसला, लेकराला हसतात तसा. त्यानं ते हसणं आवरलं आणि बाच्याकडं वळून नीट विचारलं. माणूस न्यायाचा असावा. पेशकार म्हणाला, "साहेब विचारतात, तूच सांग. हे वावर कुणाचं?"

बा मेजापाशी गेला. पागोटं काढून काखेत धरलं होतं. त्यानं आपलं वावर असं कधी बघितलेलं नव्हतं, वरून, अख्खं, एका नजरेत. माळा त्याचा, पण माळ्यावर बसून तो नुसतं बघत कधी राहिला असेल? त्यानं बोट पुढं केलं, मग कणसांना बोट दाखवू नये म्हणून मूठ मिटून घेतली. चार अनोळखी माणसं बघत होती, आणि फोटोत पीक भरगच्च उभं होतं.

"देवाचं हाय सरकार," बा म्हणाला.

कचेरी हसली. शिपायासकट. कारभारी हसला नाही, तो नुसता गुंडाळी बांधायला लागला. मग बाच्या ध्यानात आलं. "माझं," म्हणाला. "माझं हाय. माझं." पण जन्मात न उच्चारलेला शब्द तो, कसा निघाला माहीत आहे? चोरानं म्हणावा तसा.

येताना बा पुढं, मी मागं. सेनगावच्या अलीकडं एका बाभळीखाली बसलो, त्यानं भाकरीचा मोठा तुकडा मला दिला. एवढंच म्हणाला, "तुझं न्हाई चुकलं, माय." तो मला माय म्हणायचा. पुढं चाळीस वर्षं जगला, त्यानं परत तो विषय काढला नाही. त्यानं एकदा तरी मला दोष द्यायला पाहिजे होता. दिला असता तर मी भांडले असते, म्हटलं असतं, मला कुणी शिकवलं, हसलं कोण, माळा हातभर उंच कुणी केला? न दिलेल्या दोषाशी भांडता येत नाही.

देशमुखानं हे सगळं आधीच ठरवून केलं होतं, की फोटो भिंतीवर टांगल्यावर, हुक्का ओढता ओढता त्याला सुचलं? मी पुष्कळ विचार केला. बैलजोड्या आमच्याच वावराच्या कडेला का, तर म्हणतात, जागा मोकळी होती. होतीच मोकळी. ठरवून केलं असतं तर मला शिव्या देणं सोपं गेलं असतं. पण मला वाटतं, त्याला काही करावंच लागलं नाही. आम्हीच त्याला माळा बांधून दिला, नाव सांगून दिलं, वर हसलो. वाघाला शेळीनं वाट दाखवावी, अशी ती गोष्ट.

बा सालगडी राहिला. त्याच वावरात. माळाही त्यानंच उभा केला, कारण दुसऱ्या कुणाला तसा येत नव्हता. आणि वर मीच, गोफण घेऊन, मजुरीनं. त्या पौषात मला वरून गाव दिसलं नाही. मी खाली बघितलंच नाही, नुसते खडे मारले.

पुढच्या भादव्यात राज्य बदललं. देवळासमोर झेंडा लागला, साखर वाटली, देशमुखानंच वाटली. बाच्या अंगात पुन्हा वारं भरलं. नव्या कोऱ्या कचेरीत नवा साहेब, मराठी बोलणारा. बा एकटा गेला. दुसऱ्या दिवशी आला. साहेब चांगला बोलला म्हणाला, खुर्ची दिली बसायला. मग दप्तर मागवलं. दप्तरात देशमुखाच्या बाजूनं झालेला तो निकाल, आणि निकालाला टाचलेली त्या फोटोची नक्कल. साहेब म्हणाला, बाबा, हे तर तुमच्याच तोंडचं आहे.

"खुर्ची दिली?" मायनं एवढंच विचारलं.

"व्हय. बसलो न्हाई मी."

त्या साली पौषात मायचं काही तरी बिनसलं. निंदायला, राखणीला ती आता त्याच वावरात मजुरीनं यायची. पहिल्याच दिवशी बांधावर उभी राहिली आणि मोठ्यानं, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काय कणसं आलीत गं बाई! एकेक नारळावानी!"

बायका दचकल्या. तुळशीराम काकांची सून म्हणाली, "गप वं मावशी, असं म्हणू न्हाई."

"काहून म्हणू न्हाई? चांगल्याला चांगलं म्हणावं. सात गावात असं पीक न्हाई. बगा, बगा, हे बगा!" आणि तिनं बोट दाखवलं. माझ्या मायनं कणसाला बोट दाखवलं. "देशमुखाचं हाय. देशमुखाचं!"

ती वेडी झाली असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कारभारी आला, तर त्याच्यासमोर पदर सावरून म्हणाली, "कारभारी, तुमच्या मालकाचं नशीब थोर. डोळे निवतात बगा." कारभारी खूश. म्हणाला, "हिला पिकाची पारख हाय."

तेव्हा मला उमगलं. ती दृष्ट लावत होती. जन्मभर जी तिनं उतरवली, मिठमोहऱ्यांनी, भिलाव्यानं, खोटं बोलून, ती सगळी गोळा करून लावत होती. आणि मग मीही लावायला लागले. माळ्यावर बसून डोळे न मिटता बघायची. पाणी येईपर्यंत बघायची. एकेक कणीस मोजायची, मोजू नये म्हणतात म्हणून मोजायची. संध्याकाळी मायला सांगायची, "आज आंब्याच्या कडंचं सगळं बगितलं." ती मान हलवायची. रोज आम्ही दोघी जवारीची ताटं उलटीपालटी करून बघायचो, कुठं काणी पडून कणीस काळं झालं का, पानांवर चिकटा आला का. माघात एकदा ढग आले, वीज झाली, मायचा चेहरा उजळला. मी तिचा तसा चेहरा परत कधी पाहिला नाही, माझ्या लग्नातसुद्धा नाही. ढग हिंगोलीकडं निघून गेले.

काही झालं नाही. एका ताटाला काणी पडली नाही. खुडणी झाली, खळ्यावर कणसं आली, बैल मधल्या तिवड्याच्या खुंटाभोवती फिरले. रास इतकी पडली की खळं पुरेना, दुसरं सारवावं लागलं. आज्यानं वावर फोडल्यापासून तेवढी जवारी त्यात झाली नव्हती.

उपणायला माय होती. वारं चांगलं सुटलं होतं. ती तिवईवर उभी, मी खालून सूप भरून देत होते. ती सूप डोक्यावर धरून हळूहळू ओतायची, भुसा लांब उडायचा, आणि दाणा सरळ खाली, मोत्यासारखा. ती मध्येच थांबली. रिकामं सूप हातात, केसांत, भिवयांवर भुसा. राशीकडं बघत राहिली.

"लागत न्हाई गं गोदे," ती म्हणाली. "कुणाचीच लागत न्हाई."

मग पदरानं डोळ्यांतला भुसा पुसला, आणि सूप भरायला माझ्याकडं खाली दिलं.